वरच्या पायरीचा आकडा

यंत्र सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी सरसर वर जातात, त्या कोणी वाचत नाही. वैद्यबुवाही वाचत नसत. वीस वर्षं ते या ओळी बघत आले होते, पण खिडकीशी बसलेला माणूस रस्त्यावरची जा-ये बघतो तशा. कोणी ओळखीचं गेलं तरच मान वळायची. बुधवारी सकाळी, दहाव्या का अकराव्या वेळेला यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर, त्यांची मान अशी वळली. ‘ओळ सत्तेचाळीस : सूचना अनोळखी, वगळली.’ एवढंच. ओळ वर गेली, तिच्यामागे शेकडो गेल्या, यंत्र सुखरूप उभं राहिलं, पंखे घोंघावू लागले. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की जुन्या सूचनांपैकी काही तिला कळेनाशा होतात, ती त्या सोडून देते आणि तसं प्रामाणिकपणे सांगते. पण वैद्यबुवांच्या पोटात एकदम खड्डा पडला, आणि तो का पडला हे कळायच्या आधीच त्यांनी स्वेटरचं वरचं बटण उगाचच लावून घेतलं. यंत्राची खोली बाराही महिने गार असे. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं तरी ते आत स्वेटर घालून बसत आणि जेवायला बाहेर आले की लोक हसत.

वैद्यबुवा हे त्यांचं नाव नव्हे. शहराच्या पाण्याच्या नळांचं गणित करणाऱ्या त्या ऑफिसात, कुठल्या वस्तीत किती रुंदीचा नळ टाकायचा, कुठे किती दाब राहील याचे हिशेब एका मोठ्या यंत्रावर चालत, आणि त्या यंत्राची दुखणीखुपणी बघायचं काम यांच्याकडे होतं, म्हणून वैद्यबुवा. त्यांनी एक जाड वही ठेवली होती. तक्रार काय, तपासात काय आढळलं, उपाय काय केला, असे तीन रकाने. वहीला सगळे ‘दवाखाना’ म्हणत. वहीचे नियम त्यांनी स्वतः घातलेले. वही खोलीबाहेर न्यायची नाही. खाडाखोड करायची नाही. चुकलंच तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर बरोबर मजकूर लिहायचा, आणि ज्याने दुरुस्ती केली त्याने शेजारी आपली आद्याक्षरं घालायची. चूक झाकणं ही चुकीपेक्षा मोठी चूक, असं ते नव्या माणसांना सांगत. सांगताना त्यांना बरं वाटे.

शुक्रवारी नवी सिस्टिम बसवली आणि सोमवारपासून यंत्र मध्येच थांबायला लागलं. साहेब दारातूनच म्हणाले, “जुनं काय वाईट होतं हो, वैद्यबुवा? चालत्या गाडीचं चाक काढायची हौस तुम्हाला.” सगळ्यांनी नव्या सिस्टिमला नावं ठेवली. वैद्यबुवांना मात्र मेमरीचा संशय होता, कारण यंत्र थांबायचं ते मोठं गणित चढवल्यावरच. यंत्रात मेमरीच्या चोवीस पट्ट्या होत्या, बोटभर रुंद, वीतभर लांब. आकडे तळापासून भरत जातात. ऑफिसातली नेहमीची गणितं पहिल्या सहा-सात पट्ट्यांत मावून जात. वरच्या पट्ट्यांपर्यंत क्वचितच कोणी पोचे. खूप खोल्यांचं घर असावं आणि राहणारी माणसं चारच असावीत, तसं. मागच्या खोलीत छत गळत असलं तरी कळणार कोणाला? त्यांनी वरच्या बारा पट्ट्या काढून चाचणी लावली, ती सुरळीत झाली. मंगळवारी खालच्या बारा काढून वरच्या बारा लावल्या, आणि यंत्र थांबलं. आता बारातल्या सहा, सहातल्या तीन, असं करत एका पट्टीवर यायचं. प्रत्येक चाचणीला तास तास जात. घाई करून चालत नाही, आणि मनगटाला ती जमिनीशी जोडलेली तार बांधून बसावं लागतं, नाहीतर अंगातली वीज पट्टीला लागते. दावणीला बांधल्यासारखे ते बसून होते, आणि तशातच ही ओळ गेली.

त्यांनी सूचनांची फाइल उघडली. सत्तेचाळिसावी ओळ आखूड होती, आणि शेजारी शेरा होता : ‘तात्पुरते.’ मग एक तारीख, तीन वर्षांपूर्वीची. मग दोन अक्षरं. ती त्यांची स्वतःची आद्याक्षरं होती.

एखाद्या फोटोत मागे उभा असलेला माणूस निरखून बघावा आणि तो आपणच निघावा, तसं त्यांना झालं. ओळीचा अर्थ त्यांना पाठ होता. मेमरीत प्रत्येक आकड्याबरोबर थोडे पहारेकरी आकडे ठेवलेले असतात. एखादं घर, म्हणजे आकड्याचा एक कप्पा, बिघडलं तर यंत्र पहारेकऱ्यांना विचारून ते स्वतःच नीट करतं आणि तशी नोंद करून ठेवतं. एकाच जागी दोन घरं बिघडली तर मात्र त्याला नीट करता येत नाही. मग ते शहाण्यासारखं थांबतं, कारण चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणं बरं. आणि सत्तेचाळिसाव्या ओळीने यंत्राला बजावलं होतं : चूक सापडली तरी थांबू नकोस, आणि कुठे बोलू नकोस. जुनी सिस्टिम ते मुकाट्याने पाळत आली. नवीला ती भाषाच कळली नाही, म्हणून ती थांबली. बिघाड नवा नव्हताच. नवा होता तो खरेपणा.

आठवायला फार खणावं लागलं नाही. त्या आठवड्यात यंत्र दोनदा थांबलं होतं, आणि परगावची तज्ज्ञ मंडळी बघायला यायची होती. साहेब म्हणाले होते, “दोन दिवस निभावून न्या हो. पाहुण्यांसमोर मान टाकली तर आपली शोभा.” वैद्यबुवांनी नवी पट्टी मागवली, ती येईपर्यंत म्हणून ही ओळ लिहिली, आणि पुढे ‘तात्पुरते’ असं मनापासून लिहिलं. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. त्यानंतर यंत्र पुन्हा कधी थांबलं नाही. थांबत नाही म्हणजे बरं झालं, असं समजून ते विसरले. रोग्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि तो कण्हत नाही म्हणून समाधान मानायचं. वैद्यबुवा! त्यांना हसू येतंय असं वाटलं, पण गार काचेत दिसलेला चेहरा हसत नव्हता.

तारखेकडे बघायचं ते टाळत होते. मग त्यांनी बोटांवर मोजलं. त्या तारखेनंतर अकरा दिवसांनी छकूचं पहिलं उत्तर चुकलं होतं.

छकू म्हणजे त्यांची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण कामानिमित्त दूर होती ती सहा वर्षं छकू मामा-मामीकडेच वाढली. घर लहान, वरच्या खोलीला जाणारा जिना लाकडी, त्याला चौदा पायऱ्या. मामाला गोष्टी सांगता येत नसत, आकडे येत. म्हणून त्याने तिला जिन्यावर दुप्पट शिकवली. पहिल्या पायरीवर दोन, दुसरीवर चार, मग आठ, सोळा. ती दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि ओरडायची, आठव्या-नवव्या पायरीपासून श्वास लागायचा, पण चौदाव्या पायरीवर पोचून “सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी!” म्हटल्याशिवाय जेवायला बसायची नाही. मामी खालून म्हणायची, “अगं, भात निवला, तुझे हजार राहू देत.” पुढे ती गणित शिकली, आणि त्याच ऑफिसात लागली. वैद्यबुवांनी पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “इथं मामा-बिमा नाही. सर म्हणायचं.” ती हसून “बरं, सर मामा” म्हणाली होती. साऱ्या शहराचं गणित एकाच वेळी मांडणारी ती एकटी. तिचेच आकडे यंत्राच्या शेवटच्या खोलीपर्यंत जात. हे त्यांना आज कळत होतं. तेव्हा एवढंच दिसलं की सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात आणि हिचीच तेवढी चुकतात.

तिच्या आकड्यांवरून एका वस्तीत नळ टाकले, पाणी चढेना. रस्ता पुन्हा खणला, लोकांनी दोन महिने बादल्या वाहिल्या. चौकशी बसली, यंत्राच्या खोलीतच. तिघेजण टेबलामागे, टेबलावर दवाखाना उघडलेला. तिने दोन कागद पुढे केले होते. “मी तेच गणित दोनदा चालवलं, दोन उत्तरं आली. आणि फरक बघा ना. हे शेजारशेजारचे दोन नळ, दोन्ही आकडे बरोबर १६३८४ने फुगलेत. कमी नाही, जास्त नाही. माणूस असा चुकत नाही.” तिघांनी वैद्यबुवांकडे बघितलं. मग तिनेही बघितलं, आणि घाईत तिच्या तोंडून निघून गेलं, “मामा, अरे, हा वरच्या पायरीचा आकडा आहे!” तिघांपैकी एकाने भुवया उंचावल्या. वैद्यबुवांच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. भाचीला पाठीशी घालतोय असं कोणी म्हणू नये, एवढाच एक विचार त्या वेळी डोक्यात होता. बाकी डोकं रिकामं. कागद त्यांनी हातात घेतला खरा, पण चष्मा कपाळावर होता तो खाली ओढला नाही. नुसत्या डोळ्यांना आकड्यांच्या मुंग्या दिसल्या. “यंत्राच्या नोंदीत एकही बिघाड नाही,” ते म्हणाले. “यंत्र दर वेळी तेच उत्तर देतं. माणूस चुकतो.” वहीच्या दुसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं : यंत्र निर्दोष. तिच्या नावापुढे ‘निष्काळजी’ असा शेरा बसला, आणि शेरा बसलेल्या माणसाला गणिताचं काम कोण देतो? आता ती एका शाळेत वेळापत्रकं लावत होती. बहीण त्यानंतर एकदाच फोनवर म्हणाली होती, “दादा, तू तिची बाजू घे असं म्हणत नव्हते मी. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणाला असतास तरी पुरलं असतं.” छकू मामीला अजून फोन करायची, ते फिरायला गेले की.

दुपारी चारला ती एक पट्टी सापडली. चोविसातली एकोणिसावी. दुसऱ्या खाचेत लावून बघितली, तिथेही तेच. म्हणजे खाच नव्हे, पट्टीच. हिरवी, स्वच्छ, कुठे जळल्याचा डाग नाही. ते भांडारात नवी मागायला गेले. भांडारातल्या बाईंनी रजिस्टरवर बोट फिरवलं, मग चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “नवी कशाला? तुमचीच पडलीय की इथं. तीन वर्षांपूर्वी मागवलीत, आली, मी दोनदा निरोप धाडला. तुम्ही म्हणालात, राहू दे, आता चालतंय.” त्यांनी फळीच्या मागून एक चपटं खोकं काढून फुंकर मारली. “बघा, तुमच्या नावाची चिठ्ठीसुद्धा आहे. लग्नातल्या आहेरासारखी जपून ठेवलीय. घ्या, सही करा.” वैद्यबुवांनी सही केली. ती नेहमीपेक्षा मोठी झाली.

पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी यंत्र दिवसभर चाललं, पूर्ण भरून चाललं, थांबलं नाही. साहेब खूश होऊन आत आले, गारठ्याने हात चोळत. “शाब्बास! वहीत लिहून टाका, पट्टी बदलली. संपलं.”

“तेवढंच नाही, साहेब.” त्यांनी सगळं सांगितलं. सत्तेचाळिसावी ओळ, तारीख, अकरा दिवस. सांगायला चार वाक्यंच लागली याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

साहेबांनी यंत्रावरच्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं. “तुम्हाला नोकरीतून सुटायला पाच महिने आहेत. मला दीड वर्ष. ती पोर लागली ना कुठेतरी? मग? उकरून कोणाचं भलं होणार?”

“तिचा शेरा पुसला जाईल.”

“आणि तुमच्या नावावर बसेल. पाहुण्यांचं कोण म्हणालं होतं तेही विचारतील.” साहेबांचा आवाज खाली आला. “मी काही लिहू नका म्हणत नाही हं. थोडक्यात लिहा म्हणतोय.”

थोडक्यात. तो शब्द घेऊन वैद्यबुवा घरी गेले. जेवताना बायको म्हणाली, “अहो, भाजीत मीठ नाही, आणि तुम्ही मुकाट जेवताय. तब्येत बरी आहे ना?” मीठ नसल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, “छकूचा फोन आला होता?” बायकोचा हात वाढता वाढता थांबला. तीन वर्षांत हे नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं. “येतो,” ती म्हणाली. “तुमचीही चौकशी करते. मी सांगत नाही, कारण तिने सांगू नको म्हटलंय. आज सांगितलं म्हणून सांगू नका.” त्यांनी मीठ घेतलं. ते घोटाळलेलं वाक्य मग रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. आपण घाबरतो म्हणजे नेमके कशाला? शेऱ्याला? की तीन वर्षं आपल्याला खरंच माहीत नव्हतं, या गोष्टीवर आपलाच पुरता विश्वास नाही, याला? खड्डा पोटात पडला तो ओळीचा अर्थ आठवण्याआधी. पोटाला कधीपासून माहीत होतं?

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या, स्वेटरसुद्धा न घालता, त्यांनी वही उघडली आणि एका दमात लिहिलं. ‘तक्रार : यंत्र थांबते. तपास : एकोणिसाव्या पट्टीत दोष, किमान तीन वर्षे जुना. दोषाची सूचना देणे व थांबणे हे मी स्वतः बंद केले होते, व पुन्हा सुरू करण्याचे विसरलो. त्या काळात मोठ्या गणितातील शेजारच्या दोन आकड्यांत १६३४८ची वाढ झाली, ती या दोषामुळे. गणित करणारीची चूक नव्हती. तिने हे तेव्हाच सांगितले होते. मी कागद वाचला नाही. उपाय :’ आणि उपायाच्या रकान्यात पेन अडलं. ‘पट्टी बदलली’ असं लिहून त्यांनी सही केली, नक्कल काढली, वर पाठवायच्या ट्रेमध्ये स्वतःच्या हाताने टाकली. शिपाई ती घेऊन जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले, कारण ते निघाले असते तर परत येऊन ती काढून घेतली असती. मग वही काखेत मारून बाहेर पडले. वीस वर्षांत दवाखाना पहिल्यांदा उन्हात आला.

शाळा दूर नव्हती. तीन वर्षं ते या रस्त्याने जायचं टाळत होते, त्यामुळे दुकानांच्या पाट्यासुद्धा अनोळखी झाल्या होत्या. तिची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच. भिंतभर वेळापत्रक, रंगीत चौकोन खोचलेले. ती स्टुलावर उभी राहून एक पिवळा चौकोन इकडचा तिकडे करत होती. पाठमोरीच म्हणाली, “भूगोलाच्या बाई, तुमचा तास हलत नाही म्हणजे नाही.” मग वळली. कानाजवळचे केस पिकायला लागलेले त्यांना दिसले. ती खाली उतरली.

“मामी बरी आहे ना?” तिने विचारलं.

“बरी आहे. तिचं काही नाही.” त्यांनी वही पुढे केली. वाटेत तयार केलेली वाक्यं होती चार, त्यातलं एकही सापडेना. “हे वाच.”

“वही बाहेर आणायची नसते.”

“हो.”

तिने वही टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच वाचली. दवाखाना कसा वाचायचा हे तिला माहीत होतं. बोट रकान्यावरून खाली जात होतं. एका जागी ते थांबलं. थांबून राहिलं. खाली मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली. वैद्यबुवांनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस केलं नाही, बोटाकडेच बघत राहिले. आता रडेल, आता ओरडेल, दोन्हीची त्यांनी तयारी केली होती.

“मामा,” ती म्हणाली, “चष्मा खाली घे.”

त्यांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

“आता वाच. कितीची वाढ?”

“सोळा हजार तीनशे—” ते थांबले. पुन्हा वाचलं. “अठ्ठेचाळीस.”

“हा कुठल्या पायरीवर येतो?”

कुठल्याच नाही, हे त्यांना लगेच दिसलं. तिने टेबलावरचं पेन उचललं. “माणूस असा चुकतो. आठ-चार लिहायचं तिथे चार-आठ. हेच मी त्या तिघांना सांगत होते, की माणसाची चूक अशी दिसते आणि यंत्राची तशी.” तिचा आवाज चढला नव्हता, वेळापत्रकाबद्दल बोलावं तसा होता. “नक्कल वर गेली?”

“सकाळीच.”

“म्हणजे तिथेही हाच आकडा. माझ्या कागदाशी जुळवून बघतील आणि म्हणतील, जुळत नाही. मामा, माफीसुद्धा धड आकड्यात मागता येत नाही तुला?”

ती हसली की काय, ते त्यांना कळलं नाही. चष्म्यातून आता सगळं फार जवळ आणि फार मोठं दिसत होतं. तिने त्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचा वाचता येईल अशी, आणि वर स्वच्छ अक्षरात १६३८४ लिहिलं. मग पेन शेजारच्या कोऱ्या जागेवर अडलं. “इथं आद्याक्षरं कोणाची? मी तुमच्या ऑफिसात नाही.”

“दुरुस्ती ज्याने केली त्याची,” ते म्हणाले. “नियम आहे.”

तिने आपली दोन अक्षरं घातली. वही मिटली, परत दिली. “दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागेल. ते मी लिहून देते. तू नको लिहूस.” तास संपल्याची घंटा झाली, आणि ती पुन्हा स्टुलावर चढली, पिवळा चौकोन अजून तिच्या दुसऱ्या हातातच होता. भूगोलाचा तास कुठे बसवावा हे ती खरंच शोधत होती, की त्यांच्याकडे पाठ करायला तिला कारण हवं होतं? विचारावं असं त्यांना वाटलं. घरी ये म्हणावं असंही वाटलं. ते दारातच रेंगाळले, मग निघाले.

जिना उतरताना त्यांनी काही मोजायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही काखेत, एक हात कठड्यावर, आणि पाय आपले आपण मोजू लागले : दोन, चार, आठ, सोळा. मुलं दोन्ही बाजूंनी धडधडत वर जात होती. पाचशे बारा, हजार चोवीस, दोन हजार अठ्ठेचाळीस. पुढच्या पायरीसाठी त्यांनी पाय टाकला, आणि पुढे पायरी नव्हती. अकराच होत्या. पाय सपाट जमिनीवर आपटला, कळ गुडघ्यापर्यंत आली, आणि वही छातीशी घट्ट धरून ते तिथेच उभे राहिले, अजून तीन उतरायच्या आहेत असं वाटत.